लघुग्रह येतोय म्हणे!

वाचकांचे प्रश्न : या वेळी आकाशातून पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या दगडांबद्दल

लघुग्रहांविषयी आलेल्या बऱ्याच पत्रांना एखादा फॉरवर्ड मेसेज जोडलेला होता. मेसेज निरनिराळे असले तरी गोंधळ साधारण सारखाच दिसला, म्हणून ती पत्रं इथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : २२ डिसेंबर २०३२ ला मुंबईवर लघुग्रह आदळणार, नासाने ३.१ टक्के शक्यता सांगितली आहे, असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरून फिरून येतो. मुलगा ठाण्याला फ्लॅट बुक करतोय. त्याला थांबायला सांगू का?
*– एक गृहस्थ, शाहूपुरी*

थांबायला सांगू नका. फ्लॅटचा रेरा नंबर तपासा, पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी भरतं का ते विचारा, आणि लघुग्रह सोडून द्या.

मेसेजमधला आकडा खोटा नाही, शिळा आहे. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला सापडला. त्याचा आकार साधारण ६० मीटर. जानेवारीअखेर त्याच्या धडकेची शक्यता १ टक्क्यावर गेली आणि १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांवर. २४ फेब्रुवारीला ती ०.००४ टक्के झाली. म्हणजे २०३२ मध्ये पृथ्वीला धडक नाही, विषय संपला. मेसेज पाठवणारे मात्र १८ फेब्रुवारीवरच अडकून पडले आहेत.

शक्यता आधी वाढली आणि मग एकदम कोसळली, यावरून ‘काहीतरी दडपलं’ असा संशय अनेकांनी लिहून कळवला आहे. त्यासाठी आपल्याच हायवेवरचं उदाहरण घेऊ. तुमचा माल घेऊन येणारा ट्रक तावडे हॉटेल ते कागल या, समजा, २० किलोमीटरमध्ये कुठेतरी आहे, एवढंच तुम्हाला कळलंय. गोकुळ शिरगाव फाट्यासमोरच्या २०० मीटरमध्ये तो असण्याची शक्यता किती? शंभरात एक. थोड्या वेळाने कळतं की तो उजळाईवाडीच्या पुढे आहे आणि कणेरी फाट्याच्या पलीकडे गेलेला नाही. पट्टा ५ किलोमीटरचा उरला, शक्यता शंभरात चार झाली. ट्रकने यात वेगळं काही केलेलं नाही, तुमची माहिती तेवढी वाढली. पुढच्या फोनला ड्रायव्हर म्हणतो, कणेरी फाट्यावर चहा घेतोय. शक्यता शून्य.

लघुग्रहाचंही असंच होतं. सुरुवातीला काही दिवसांचीच निरीक्षणं असतात, त्यामुळे २०३२ मध्ये तो नेमका कुठे असेल याचा पट्टा लाखो किलोमीटर लांब निघतो आणि १२,७४२ किलोमीटर व्यासाची पृथ्वी त्यात कुठेतरी बसते. निरीक्षणं वाढली की पट्टा आखडतो. पृथ्वी अजून आत असेल तर टक्का चढतो, आणि पट्ट्याचं टोक पृथ्वीवरून सरकलं की एकदम शून्य. २००४ च्या डिसेंबरमध्ये अपोफिस नावाच्या लघुग्रहाच्या बाबतीतही टक्का २.७ पर्यंत चढून असाच खाली आला होता. पुढचा एखादा लघुग्रह सापडेल तेव्हाही बहुधा हाच क्रम दिसेल, हे आत्ताच ध्यानात ठेवा.

मुंबईचं नाव कुठून आलं? धडक झालीच असती तर ती पूर्व पॅसिफिकपासून उत्तर दक्षिण अमेरिका, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र ते दक्षिण आशिया अशा लांबलचक पट्टीत कुठेतरी झाली असती. मुंबई त्या पट्टीवर होती. ३.१ टक्के ही अख्ख्या पट्टीची शक्यता होती आणि तिचा मोठा भाग समुद्र होता. एकट्या मुंबईच्या वाट्याला त्यातला अगदी किरकोळ हिस्सा येत होता.

प्रश्न : असे मेसेज खरे की खोटे हे शाळेतल्या मुलांना घरबसल्या तपासता येईल, अशी काही रीत सांगा.
*– निवृत्त शिक्षिका, गडहिंग्लज*

नावापासून सुरुवात करा. नव्या लघुग्रहाचं नाव ठरलेल्या पद्धतीने पडतं. आधी शोधाचं वर्ष, मग इंग्रजी अक्षर, ते पंधरवड्याचं. जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, असं करत डिसेंबरचा दुसरा वाय. मधलं आय हे अक्षर गाळतात आणि झेडची गरजच पडत नाही. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम सांगतं. तिथेही आय नाही, म्हणून २५ अक्षरं. ती संपली की पुन्हा ए पासून, आणि किती फेऱ्या झाल्या तो आकडा शेवटी. वायआर४ मध्ये आर सतरावं अक्षर, त्याआधी २५ च्या चार फेऱ्या, म्हणजे डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या पंधरवड्यातला ११७ वा शोध. मुलांना हे गणित फार आवडतं. वर्षानंतरचं पहिलं अक्षर आय किंवा झेड असेल तर ते नाव बनावट. ‘मार्चमध्ये शोध लागला’ असं लिहून ते पहिलं अक्षर वाय असेल, तरी बनावट. मेसेजमध्ये नावच नसेल, नुसतं ‘एक महाकाय उल्का’ असेल, तर तपासायलाही काही उरत नाही.

नाव बरोबर असेल तर नासाच्या पृथ्वीनिकट वस्तूंच्या केंद्राच्या संकेतस्थळावर ‘सेंट्री’ नावाचा तक्ता उघडा. पुढच्या शंभर वर्षांत धडकेची अत्यल्प का होईना पण शक्यता असलेल्या वस्तूच त्यात असतात. तक्त्यात नाव नसेल तर काळजीचं कारण नाही. असेल तर तोरिनो माप बघा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, तसं हे ० ते १० चं माप आहे. त्यात धडकेची शक्यता आणि धडकेचा दणका दोन्ही एकत्र धरतात. तक्त्यातल्या जवळजवळ सगळ्यांपुढे ० असतो. वायआर४ काही आठवडे ३ वर होता, अपोफिस काही दिवस ४ वर. त्याच्या वर आजवर कोणीही गेलेलं नाही.

बातम्यांत दोन शब्दांनी फसगत होते. पहिला ‘धोकादायक’. पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत ज्याची कक्षा येते आणि जो साधारण १४० मीटरहून मोठा आहे, अशा प्रत्येक लघुग्रहाला ‘संभाव्य धोकादायक’ या वर्गात घालतात. ते वर्गीकरण आहे, इशारा नाही. दुसरा शब्द ‘जवळून’. जवळून जाणाऱ्या वस्तूंच्या तक्त्यात अंतर चांद्र-अंतरात दिलेलं असतं. एक चांद्र-अंतर म्हणजे ३,८४,४०० किलोमीटर. ‘पृथ्वीला घासून जाणार’ या मथळ्याखाली १५ चांद्र-अंतरं असतील तर ते साडेसत्तावन्न लाख किलोमीटर झाले. याला घासणं म्हणायचं तर आपण रोज अंटार्क्टिकाला घासतो.

प्रश्न : नासा आणि सरकारं खरी माहिती लपवत असतील तर?
*– एक वाचक, इचलकरंजी*

लघुग्रह कुणा एकाच्या ताब्यातली फाइल नाही. तो आकाशात असतो आणि चांगली दुर्बीण असलेल्या कुणालाही दिसतो. देशोदेशीच्या वेधशाळा आणि हौशी निरीक्षक आपली मोजमापं लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या ‘मायनर प्लॅनेट सेंटर’कडे पाठवतात, ती सगळ्यांना खुली असतात. त्यावरून कॅलिफोर्नियातला नासाचा गट, युरोपीय अवकाश संस्था आणि इटलीतल्या पिसा इथला गट वेगवेगळी गणितं करतात. ऑगस्ट २०२० मध्ये २०२० क्यूजी हा काही मीटरांचा दगड हिंद महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. अमेरिकेतल्या दुर्बिणीच्या प्रतिमांमधून तो हुडकणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते. तो निघून गेल्यावर सापडला, आणि तेही लगेच जाहीर झालं.

प्रश्न : ३आय/ॲटलास हे परग्रहवासीयांचं यान होतं का?
*– इयत्ता आठवी, कागल*

नाही. तो दुसऱ्या ताऱ्याच्या परिसरातून आलेला धूमकेतू. १ जुलै २०२५ ला सापडला, १९ डिसेंबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला. ते ‘जवळ’ म्हणजे सुमारे २७ कोटी किलोमीटर, सूर्याच्या अंतराच्या पावणेदोन पटींहून जास्त.

प्रश्न : शेताच्या बांधाला मुठीएवढा काळा, जड दगड सापडला. चुंबक चिकटतं. मी शिरोलीत फाउंड्रीत काम करतो, लोखंड ओळखतो, पण हा वेगळा वाटतो. लोक म्हणतात लाखो रुपये मिळतील. अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, असेल का?
*– एक वाचक, शिरोली परिसर*

तुम्ही फाउंड्रीतले आहात हे बरं झालं, कारण कोल्हापूरच्या आसपास सापडणाऱ्या ‘अशनीं’बाबत पहिला संशय फाउंड्रीच्या स्लॅगचाच (धातू वितळवताना उरणाऱ्या मळीचा) घ्यावा लागतो. रस्त्याच्या भरावात, शेताच्या वाटेवर, ओढ्याकाठी स्लॅग वर्षानुवर्षं टाकलेला असतो. दुसरा संशयित जांभ्यातल्या लोहयुक्त गाठी. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी भागात त्या भरपूर. तिसरा आपला नेहमीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, त्यामुळे जोरदार चुंबक त्यालाही थोडं ओढतं. म्हणून नुसतं चुंबक चिकटलं यावरून काही ठरत नाही. चिकटलंच नाही तर मात्र अशनी असण्याची आशा खूप कमी होते.

आधी भिंगाने पृष्ठभाग बघा. बुडबुड्यांची भोकं दिसली तर तो जवळपास नक्की स्लॅग. वितळलेल्या रसातून वायू बाहेर पडताना ही भोकं राहतात, हे तुम्हाला सांगायला नको. अशनीत अशी भोकं जवळजवळ नसतात. ताज्या अशनीवर एखाद-दुसरा मिलिमीटर जाडीची काळी, मंद साल असते, आणि कधी कधी ओल्या मातीवर अंगठा दाबल्यासारखे खळगे. साल उडालेल्या जागी आतला दगड फिकट, राखाडी दिसतो. बाहेरून आतपर्यंत एकसारखा काळा आणि काचेसारखा चकाकणारा असेल तर पुन्हा स्लॅगच.

मग दगड टाइलवर घासून बघा. चकचकीत बाजू नको, टाइलची मागची खरखरीत बाजू घ्या आणि दगड दाबून ओढा. लाल-तपकिरी रेघ उमटली तर हेमॅटाइट हे लोहखनिज किंवा जांभ्याची गाठ, ठळक काळी-करडी रेघ आली तर मॅग्नेटाइट. अशनी सहसा रेघ सोडत नाही, सोडली तर अगदी फिकट.

तिसरी गोष्ट घनता. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोरड्या दगडाचं वजन घ्या, समजा ३५० ग्रॅम. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. काटा आता दाखवेल तो आकडा, समजा १००, म्हणजे दगडाचं घनफळ घन सेंटिमीटरमध्ये. ३५० भागिले १००, घनता ३.५. इथे दोन चुका नेहमी होतात. दगड भांड्याच्या तळाला टेकला तर काट्यावर त्याचंही वजन येतं आणि घनता खोटी कमी निघते. दगडातून बुडबुडे येत राहिले तर तो पाणी पितोय, आकडा धरू नका. (बुडबुडे हीच जांभ्याची खूण.) बेसॉल्ट २.८ ते ३ च्या आसपास येतो, सर्वसाधारण दगडी अशनी ३.३ ते ३.७, लोह अशनी ७.५ च्या वर. बिडाचा तुकडा ७.२ च्या जवळपास येतो, तिथे फसायला होतं.

इतकं सगळं पार पडलं तरच कोपरा कानशीने नखाएवढा घासून पॉलिश पेपर मारा. राखाडी दगडात चमकदार धातूचे बारीक कण विखुरलेले दिसले तर प्रकरण गंभीर आहे असं समजा. त्या धातूत निकेल असायला हवं. ती चाचणी कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत डायमिथिलग्लायॉक्झिमने होते, निकेल असेल तर गुलाबी-लाल रंग येतो. तुमच्याकडे मिश्रधातूचं कास्टिंग होत असेल तर त्यातही निकेल असू शकतं, म्हणून एकट्या या चाचणीवरही भिस्त ठेवू नका.

पैशांचं म्हणाल तर लाखोंचा नाद सोडा. देशात सापडलेल्या अशनींचं जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं, त्यांचा मोठा संग्रह कोलकात्यात आहे. दगड जमेल त्या चाचण्यांतून पार पडला तर तहसील कार्यालयामार्फत किंवा विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागामार्फत त्यांना कळवा. घनतेच्या चाचणीपुरतं सोडलं तर दगडाला पाणी लावू नका, तेल लावू नका, हळद-कुंकू तर नकोच. कोरड्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवा आणि सापडल्या जागेचा फोटो व तारीख लिहून ठेवा.

आणि ‘पडला तेव्हा लालभडक तापलेला होता, गवत पेटलं’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. लहान दगडाचं जळणं १५ ते २० किलोमीटर उंचीवरच थांबतं. तिथून तो थंड हवेतून, विझलेल्या अवस्थेत नुसता खाली पडतो. हाताला कोमट किंवा गार लागतो. २०१२ च्या मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनी पडले, तो महाराष्ट्रातला अलीकडचा खराखुरा नमुना आहे.

प्रश्न : आकाशातून जळत जाणारी रांग दिसली तर ती उल्का की उपग्रह?
*– दहावीतली विद्यार्थिनी, जयसिंगपूर*

सेकंद मोज. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते, एक ते पाच सेकंदांत खेळ आटोपतो. रॉकेटचा किंवा उपग्रहाचा भाग सेकंदाला सात-आठ किलोमीटरनेच येतो, जवळपास आडवा. तो अर्धा-एक मिनिट दिसत राहतो, आणि त्याचे तुकडे एकामागोमाग एकाच दिशेने जातात. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर दिसलेली रांग चिनी रॉकेटच्या टप्प्याची होती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं सुमारे ३ मीटर व्यासाचं कडं आणि गोळे सापडले. न जळता, न तुटता, सारख्या अंतराने ठिपके सरकत असतील तर त्या स्टारलिंकच्या उपग्रहांच्या माळा.

असा गोळा सापडला तर हात लावायचा नाही. ती इंधनाची किंवा दाबाखालच्या वायूची टाकी असू शकते, आणि काही अवकाश-इंधनं अतिशय विषारी असतात. लांब उभं राहून पोलिसांना फोन करायचा.

प्रश्न : रात्री लख्ख उजेड झाला तर काय करावं? आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.
*– गृहिणी, कागल*

खिडकीपाशी जाऊ नका. फक्त हा एक नियम पाठ करा, कारण तो खरोखर उपयोगाचा आहे.

१५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी रशियात चेल्याबिन्स्कवर साधारण २० मीटरचा दगड सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला. दगड अंगावर पडून कोणी दगावलं नाही. सुमारे १,५०० लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. उजेड पाहून लोक कुतूहलाने खिडकीत गेले. धक्क्याची लाट आवाजाच्या वेगाने येते, म्हणजे दर किलोमीटरला तीन सेकंद. ती शहरात पोचायला दोन-अडीच मिनिटं लागली आणि तोवर माणसं काचेला नाक लावून उभी होती. तिथल्या जस्ताच्या कारखान्याची भिंत आणि छप्पर पडलं. आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडवाल्यांनी हे वाचून ठेवावं.

म्हणून लख्ख उजेड दिसला की मुलांना घेऊन काचा नसलेल्या पॅसेजमध्ये जमिनीवर बसा. तीन-चार मिनिटं तिथेच राहा, काही झालं नाही तर उठा. व्हिडिओ नंतर दुसऱ्या कुणाचा तरी मिळेलच. आणि उजेड न दिसता नुसता गडगडाट होऊन भांडी हलली, तर उल्केपेक्षा कोयनेच्या बाजूचा भूकंप किंवा जवळच्या खाणीतला सुरुंग जास्त संभवतो.

प्रश्न : खरा धोका किती आहे, ते एकदा आकड्यांत सांगा. लोणार पुन्हा होणार नाही का?
*– एक वाचक, राजारामपुरी*

होईल, पण कधी आणि कुठे याला माणसाच्या आयुष्याचं माप पुरत नाही. लोणारचं विवर १.८ किलोमीटर रुंद आहे आणि ते आपल्या पायाखाली आहे त्याच प्रकारच्या बेसॉल्टमध्ये खणलं गेलं. त्याचं वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसरीने ५ लाख ७० हजार.

चेल्याबिन्स्कसारखा २० मीटरचा दगड जगात कुठेतरी काही दशकांनी येतो, ५०-६० मीटरचा साधारण हजार वर्षांनी, १४० मीटरचा वीसेक हजार वर्षांनी, एक किलोमीटरचा काही लाख वर्षांनी. पृथ्वीचा बराच भाग समुद्र आणि ओसाड आहे, हेही जमेला धरा. ३० जून १९०८ ला सायबेरियात तुंगुस्कावर असाच ५०-६० मीटरचा दगड फुटला आणि २,००० चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं. वस्ती मात्र जवळपास नव्हती.

आमच्या मते काळजी करायचीच असेल तर मधल्या आकाराची करावी. एक किलोमीटरहून मोठे बहुतेक सगळे, सुमारे ९५ टक्के, सापडलेले आहेत आणि त्यातला कोणीही पुढच्या शंभर वर्षांत आपल्या वाटेवर नाही. १४० मीटरहून मोठे अंदाजे २५ हजार असावेत, त्यातले अजून निम्मेही सापडलेले नाहीत. सूर्याच्या बाजूने येणारे दिवसाउजेडात दुर्बिणींना दिसत नाहीत, चेल्याबिन्स्कचा तसाच आला. त्यासाठी अवरक्त किरणांत पाहणारी ‘निओ सर्व्हेयर’ ही अवकाश दुर्बीण तयार होत आहे, ती २०२७ मध्ये किंवा त्यानंतर सोडायचं ठरलं आहे. छोट्यांच्या बाबतीत प्रगती दिसते. २००८ मध्ये पहिल्यांदा एक दगड सुदानवर पडण्याआधी वीसेक तास दिसला. २०२४ अखेरपर्यंत असे आधी दिसलेले ११ झाले.

याच पत्रात विचारलं आहे की शिवाजी विद्यापीठाच्या आवारातलं रडार लघुग्रह बघतं का. नाही. ते भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार आहे आणि ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतं. उल्का साधारण त्याच थरात जळतात, एवढाच संबंध.

प्रश्न : समजा आलाच, तर थांबवता येतो का? आणि २०२९ च्या अपोफिसचं काय?
*– एक वाचक, पन्हाळा*

फोडत नाहीत, ढकलतात. फोडला तर एका दगडाचे दहा होतात. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या दगडावर सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने मुद्दाम आदळवलं. हा दगड एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता, ती फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. खरी अट वेळेची आहे. दहा-वीस वर्षं आधी कळलं तर सेकंदाला काही मिलिमीटरचा धक्काही पुरतो, महिनाभर आधी कळलं तर फक्त गावं हलवता येतात.

अपोफिस सुमारे ३४० मीटरचा. मार्च २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर निदान शंभर वर्षं तरी त्याची धडक नाही हे पक्कं झालं. तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, टीव्हीचे उपग्रह असतात त्यांच्याहूनही जवळून. तारीख १३ एप्रिल २०२९. शुक्रवार, १३ तारीख आणि वर अमावास्या, तेव्हा मेसेज किती येतील याची कल्पना आत्ताच करा.

पाहणाऱ्याला मात्र अमावास्या सोयीची, चंद्रप्रकाश आड येणार नाही. तो सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्याकडे १४ तारखेचे पहाटेचे सव्वातीन वाजलेले असतील. पण त्या वेळी तो अटलांटिकवर असेल, आपल्या क्षितिजाखाली. त्याआधी तो हिंद महासागर आणि आफ्रिकेवरून पश्चिमेकडे सरकेल, म्हणून आपण १३ च्या रात्री आधी दक्षिणेकडे आणि मग पश्चिमेकडे बघायचं. मध्यम तेजाच्या ताऱ्याएवढा ठिपका दिसेल. शेजारच्या ताऱ्याची खूण धरून ठेवली तर तो हळूहळू सरकताना कळेल. शहराच्या उजेडात तो शोधणं अवघड जाईल. तुम्ही पन्हाळ्यावरच आहात, तर पश्चिमेचं क्षितिज मोकळं असलेला बुरूज आत्ताच हेरून ठेवा. ७ बाय ५० ची द्विनेत्री दुर्बीण पुरेल. मध्यरात्रीच्या बऱ्याच आधी पोचा, अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात.